जादा गुणांना मर्यादा हवी

नॉर्थ कॅरोलायनातल्या हायस्कूलच्या ट्रान्स्क्रिप्टवर मुलाच्या चार वर्षांच्या दोन सरासऱ्या छापलेल्या असतात. एक साधी: तिच्यात ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २. दुसरी वेटेड: तिच्यात ऑनर्सच्या विषयाला अर्धा गुण जादा मिळतो आणि एपी, आयबी (दोन्ही हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या दर्जाचे विषय) किंवा कम्युनिटी कॉलेजातून केलेल्या विषयाला पूर्ण एक. केरी, मॉरिसव्हिल, एपेक्स या पट्ट्यात ज्या मराठी घरात नववी-दहावीतलं मूल आहे तिथे चहाला गेलात, तर कप खाली ठेवायच्या आत या दुसऱ्या आकड्याचा, म्हणजे वेटेड जीपीएचा, विषय निघतो. पहिला आकडा कुणी विचारत नाही.

हा जादा गुण किती असावा हे राज्याचं शिक्षण मंडळ, म्हणजे स्टेट बोर्ड ऑफ एज्युकेशन, ठरवतं. पूर्वी तो आजच्या दुप्पट होता: ऑनर्सला एक, एपीला दोन. ऑक्टोबर २०१४ मध्ये बोर्डाने तो निम्म्यावर आणला आणि २०१५-१६ साली नववीत आलेल्या मुलांपासून नवा नियम लागू झाला. इतकी वर्षं झाली तरी आपल्या लोकांत एक कुरकूर टिकून आहे, की आपल्या मुलांच्या मेहनतीचं मोल सरकारने अर्ध्यावर आणलं. मला ही कुरकूर पटत नाही. कपात बरोबर होती. उलट ती अर्धवट राहिली. एका विषयाला किती जादा गुण, हे ठरलं. पण किती विषयांना, याला आजही काही धरबंध नाही. तो घालायला हवा, आणि ती मागणी आपल्यासारख्या पालकांकडूनच यायला हवी. कारणं खाली देतो.

१. जुन्या नियमाची आठवण काढून हळहळण्याआधी तो नेमका काय होता ते पाहू. एपीच्या वर्गात सी मिळाला की २ अधिक २, म्हणजे ४. साध्या वर्गात ए मिळवणाऱ्या मुलाचेही ४ च. म्हणजे ज्याला विषय जेमतेम कळला आणि ज्याने आपल्या वर्गाचा अभ्यास चोख केला, ते दोघे कागदावर एका पायरीवर. आता एपीतला बी हा साध्या वर्गातल्या ए च्या बरोबरीचा धरला जातो. यावरही वाद घालता येईल, पण निदान तो वाद शहाण्या माणसांनी घालण्यासारखा आहे. त्याच सुमारास राज्याने श्रेणीची पट्टीही बदलली आणि ए साठी ९३ ऐवजी ९० टक्के पुरेसे झाले. एका हाताने थोडं काढलं आणि दुसऱ्या हाताने थोडं दिलं. आपल्या कुरकुरीत या दुसऱ्या हाताचा उल्लेख मी कधी ऐकलेला नाही.

२. आता माझा मुख्य मुद्दा. यासाठी कागद-पेन्सिल घ्या.

दोन मुली घ्या, दोघीही बारावीत आणि दोघींनाही प्रत्येक विषयात ए. पहिलीने वर्षात आठ विषय घेतले: चार एपी, तीन ऑनर्स आणि आठवा साधा, शाळेचा ऑर्केस्ट्रा, कारण ती व्हायोलिन वाजवते. चार एपीचे २०, तीन ऑनर्सचे १३.५, ऑर्केस्ट्राचे ४. एकूण ३७.५, भागिले ८, म्हणजे ४.६९. दुसरीने तेच चार एपी आणि तेच तीन ऑनर्स घेतले आणि आठवा तास मोकळा ठेवला. बारावीत तशी मुभा बऱ्याच ठिकाणी मिळते. तिचे ३३.५, भागिले ७, म्हणजे ४.७९.

दुसरी मुलगी पुढे गेली. तिने काही जास्त केलं म्हणून नव्हे, एक गोष्ट कमी केली म्हणून. पहिलीने व्हायोलिनमध्ये ए मिळवला, म्हणजे त्या विषयात याहून चांगलं करताच येत नाही, आणि त्या ए मुळेच तिची सरासरी खाली आली.

हा काही कोपऱ्यातला अपवाद नाही. शारीरिक शिक्षण, चित्रकला, सुतारकाम, नाटक, स्वयंपाक, बँड, पहिल्या-दुसऱ्या वर्षाची परकी भाषा: ज्याला जादा गुण नाही असा कुठलाही विषय, त्यात पैकीच्या पैकी मिळवले तरी, वेटेड सरासरीला खालीच ओढतो. वरच्या वर्षांच्या संगीताला काही शाळांत ऑनर्सचा दर्जा मिळतो हे खरं, पण तिथवर पोचायला आधीची साधी वर्षं काढावी लागतात. मुलांना हे गणित आपल्या आधी कळलेलं असतं. दहावीतली मुलगी जेवताना सहज म्हणते, “आई, पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा सोडू का? माझा जीपीए खाली येतोय.” आणि आई, जिने सहा वर्षं दर गुरुवारी तिला क्लासला नेलं-आणलं, ती क्षणभर काही बोलत नाही. मग विचारते, “किती येतोय?”

हेच गणित जुन्या नियमाने करून बघा. पहिलीची सरासरी ५.३८, दुसरीची ५.५७. फरक ०.१९६. नव्या नियमात तोच फरक ०.०९८. व्हायोलिन वाजवल्याचा जो दंड होता तो २०१५ च्या कपातीने बरोबर निम्मा झाला. मेहनतीचं मोल कमी झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी व्हायोलिनची मेहनत कुठे धरली होती हे सांगावं.

३. सगळ्या एपीला सारखाच एक गुण. कॅल्क्युलस वापरून शिकवली जाणारी फिजिक्स सी आणि नववीतली मुलं सर्रास घेतात ती ह्यूमन जिऑग्रफी, दोन्हीला १. मी जिऑग्रफीला हलकं लेखत नाही. गाव कुठे वसतं, माणसं का स्थलांतर करतात, हे स्थलांतर करून आलेल्यांच्या मुलांनी शिकायलाच हवं. पण ती कशासाठी निवडली जाते ते रविवारच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये ऐकायला मिळतं.

“वहिनी, ह्यूमन जिऑग्रफी नववीतच उरकून टाका. सगळे तेच करतायत.”

“अहो, पण त्याला आवड नाही त्याची.”

“आवड काय करायचीय? पॉइंट तोच मिळतो ना.”

यात कम्युनिटी कॉलेजचे विषय मिसळले की आणखी गंमत. राज्याच्या योजनेत हायस्कूलच्या मुलांना ते विनाशुल्क घेता येतात, चार वर्षांच्या कॉलेजात चालणाऱ्या अशा विषयांना एपीइतकाच जादा गुण मिळतो, आणि त्यांना एपीसारखी मे महिन्यातली कुठली सामायिक परीक्षा नसते. योजना उत्तम आहे. ज्या घरातून आजवर कुणी कॉलेजात गेलं नाही त्या घरातल्या मुलाला तिचा खरा उपयोग होतो. आपल्याकडे मात्र तिचा विचार बहुधा ‘कुठे स्वस्तात एक गुण पडतोय’ एवढाच होतो. दोष मुलांचा नाही. नियमच असा केला की मुलं नियमाप्रमाणे वागतात.

४. ‘पण अवघड विषय घेणाऱ्याला काहीच जास्त नको का?’ हवंच. जादा गुण पूर्णपणे काढून टाका असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. ते नसले तर सोपा वर्ग निवडून ए खिशात टाकणारा शहाणा ठरेल. या बाजूचा एक चांगला अभ्यासही आहे. हार्वर्ड-स्मिथसोनियनचे फिलिप सॅडलर आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचे रॉबर्ट टाय यांनी कॉलेजात पहिल्या वर्षाचं विज्ञान शिकणाऱ्या मुलांचे गुण त्यांच्या हायस्कूलच्या गुणांशी ताडून पाहिले. २००७ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की ऑनर्सला अर्धा आणि एपीला एक जादा गुण देणं साधारण रास्त ठरतं. नॉर्थ कॅरोलायनाचा आजचा नियम हाच.

याच्या उलट बाजूलाही तितकाच वजनदार अभ्यास आहे. बर्कलीच्या सॉल गायझर आणि मारिया व्हेरोनिका सँटेलिसेस यांनी २००४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची माहिती तपासली. हायस्कूलमध्ये किती एपी आणि ऑनर्स घेतले, या संख्येवरून मूल कॉलेजात कसं चालेल याचा जवळजवळ काहीच अंदाज येत नाही, असं त्यांना आढळलं. अंदाज येतो तो एपीच्या परीक्षेत मिळालेल्या १ ते ५ या श्रेणीवरून.

दोन्ही अभ्यास एकदम खरे असू शकतात. विषय नीट शिकला तर फायदा होतो. नुसता यादीत घातला तर होत नाही. आपली सरासरी मात्र या दोहोंत फरक करत नाही.

५. मग किती घेतले म्हणजे पुरे? याचं उत्तर शोधायला आपल्याला कॅलिफोर्नियात जावं लागत नाही. केरीहून अर्ध्या तासावर चॅपल हिल आहे. तिथल्या विद्यापीठाच्या प्रवेश विभागातल्या जेन क्रेचमार आणि स्टीव्ह फार्मर यांनी आपल्याच विद्यार्थ्यांवरून हा प्रश्न तपासला आणि २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. हायस्कूलमध्ये कॉलेजच्या दर्जाचे विषय घेतलेल्या मुलांचे पहिल्या वर्षाचे गुण न घेतलेल्यांपेक्षा चांगले होते. विषयांची संख्या वाढली तसे गुणही वाढत होते, पण साधारण पाच विषयांपर्यंतच. त्यापुढे सहा घेतले काय किंवा बारा घेतले काय, फारसा फरक दिसत नव्हता.

ज्या विद्यापीठासाठी इथले निम्मे पालक देव पाण्यात घालून बसतात, त्याच विद्यापीठाच्या प्रवेशाच्या टेबलावरून हे सांगितलं गेलं. तरीही आपल्याकडे नववीतल्या मुलासाठी बारा-बारा एपीचे तक्ते एक्सेलमध्ये तयार असतात, रंग भरून.

६. म्हणून माझा प्रस्ताव. साधी सरासरी जशी आहे तशी ठेवा. तिच्यावर प्रत्येक एपी, आयबी किंवा कॉलेजच्या विषयामागे सरळ ०.१ मिळवा आणि ऑनर्सच्या विषयामागे ०.०५. श्रेणी सी किंवा वरची असली पाहिजे. आणि चार वर्षांत मिळून हा जादा भाग ०.५ च्या वर जाऊ नये, म्हणजे पाच एपी, किंवा तीन एपी आणि चार ऑनर्स, किंवा दहा ऑनर्स. कमाल वेटेड सरासरी ४.५.

याने काय होतं? जादा भाग भागाकाराच्या बाहेर राहतो. वरच्या दोन मुलींची सरासरी ४.५ आणि ४.५ येते, व्हायोलिन वाजवणारीचं काही जात नाही आणि तास मोकळा सोडणारीला काही मिळत नाही. एपीत सी पडला तर तो सरासरीत सी म्हणूनच मोजला जातो, ०.१ ची मलमपट्टी तेवढी होते. सहावा, सातवा एपी घ्यायला कुणाची ना नाही. तो ज्याला हवा त्याने घ्यावा, आकड्यासाठी घेऊ नये.

मर्यादेची कल्पना माझी नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी स्वतः जीपीए मोजतं तेव्हा दहावी आणि अकरावीतल्या जास्तीत जास्त आठ सेमिस्टरच्या विषयांना जादा गुण देतं, त्यातही दहावीचे चारच. म्हणजे वर्षभराचे चार विषय. क्युपर्टिनो आणि फ्रीमाँटच्या पालकांची धावपळ त्याने थांबली का? नाही. पण निदान विद्यापीठाच्या त्या एका आकड्यासाठी तरी पंधरावा एपी घेण्यात अर्थ उरत नाही.

७. ‘मग वरची सगळी मुलं ४.५ वर येऊन थांबतील, फरक कसा कळणार?’ हा आक्षेप मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतो आणि तो आपल्या मनातला खरा प्रश्न आहे, म्हणून त्याला उत्तर देतो. वरची मुलं एका आकड्यावर आली तर बिघडलं काय? ४.७१ आणि ४.७३ यांतला फरक हुशारीचा नसतो, वेळापत्रकाचा असतो. कॉलेजं ट्रान्स्क्रिप्ट विषयवार वाचतात, अनेक ठिकाणी शाळेचे जादा गुण काढून टाकून आपल्या पद्धतीने पुन्हा मोजतात. शाळा कोणते विषय शिकवते याचा तपशीलही अर्जासोबत जातो. तिथे मुलाने फिजिक्स सी घेतलं की नाही हे दिसतंच.

आपल्या वेक काउंटीने या दिशेने एक पाऊल आधीच टाकलं आहे. २०१९ च्या बॅचपासून इथे व्हॅलेडिक्टोरियन, म्हणजे शाळेत पहिला, हा मानच बंद झाला. त्याऐवजी ठरावीक सरासरी ओलांडणाऱ्या सगळ्यांना लॅटिन नावांचे तीन दर्जे मिळतात. सर्वांत वरचा दर्जा ४.२५ ला. शेजाऱ्याचं मूल तिथे पोचलं म्हणून आपल्या मुलाचं काही कमी होत नाही. माझा प्रस्ताव आला तर या रेषा पुन्हा आखाव्या लागतील, हे मान्य.

टेक्ससमधल्या मराठी मित्रांची अडचण मात्र खरी आहे. तिथे १९९७ च्या कायद्याने वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश दिला. ऑस्टिनच्या विद्यापीठापुरती ही रेषा घसरत २०२६ च्या प्रवेशांसाठी पाच टक्क्यांवर आली. कायदाच क्रमांकावर उभा असेल तर फ्रिस्को-प्लेनोत शंभराव्या भागासाठी मारामारी होणारच. आपल्या राज्यात तसा कायदा नाही. मग ती मारामारी आपण हौसेने का करतो?

८. फेअरफॅक्सचं उदाहरण आपल्याकडे नेहमी उलट अर्थाने दिलं जातं, म्हणून दोन शब्द. उत्तर व्हर्जिनियाच्या त्या काउंटीत एपी आणि आयबीला अर्धाच गुण जादा होता, ऑनर्सला काहीच नव्हता आणि ए साठी ९४ लागत. शेजारच्या जिल्ह्यांतली मुलं कागदावर पुढे दिसतात म्हणून पालकांनी मोठी चळवळ उभारली आणि २००९ साली बोर्डाने एपीला एक, ऑनर्सला अर्धा असा नियम केला. ‘बघा, त्यांनी लढून वाढवून घेतलं.’ खरं आहे. पण ते खालून वर येऊन जिथे थांबले, आपण वरून खाली येऊन तिथेच थांबलो. जादा गुण किती, हा वाद दोन्ही राज्यांनी जवळजवळ सारखाच मिटवला आहे. उरला तो संख्येचा.

९. आणि आता ज्यांच्याबद्दल आपल्या घरात बोलणं होतच नाही, त्यांच्याबद्दल. वेटेड जीपीएचा नियम सगळ्या राज्याला एकच आहे. किनाऱ्याकडचे हाइड आणि टिरेल हे विरळ वस्तीचे काउंटी आणि आपला वेक यांना एकाच मापाने मोजलं जातं. जिथे हायस्कूलमध्ये मुलंच मोजकी, तिथे वीस प्रकारचे एपी कोण शिकवणार? राज्याची ऑनलाइन शाळा २००७ पासून आहे आणि तिथून एपी घेता येतात. पण स्क्रीनवरची केमिस्ट्री आणि समोर शिकवणारे सर यांतला फरक कोविडच्या वर्षात आपण सगळ्यांनी घरी बसून पाहिला आहे. जादा गुणांना मर्यादा नसेल तर ज्या शाळेत वीस एपी आहेत तिथल्या मुलाचा आकडा चार एपी असलेल्या शाळेतल्या मुलाच्या वर जाणारच, दोघांची कुवत एक असली तरी. याच प्रश्नावर १९९९ साली कॅलिफोर्नियात इंगलवूडच्या विद्यार्थ्यांनी राज्यावर दावा लावला होता: आमच्या शाळेत एपी जवळजवळ नाहीतच, बेव्हर्ली हिल्समध्ये भरपूर आहेत, आणि प्रवेशाला मात्र दोघांचे जादा गुण धरता.

लांब कशाला, आपल्या राज्यातच पाहा. रॅलेच्या ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ आणि शार्लटच्या ‘ऑब्झर्व्हर’ने २०१७ साली एक मालिका छापली. राज्याच्या गणिताच्या परीक्षेत सर्वांत वरची श्रेणी मिळवलेली गरीब घरांतली मुलं पुढच्या वर्षी वरच्या वर्गात घातलीच जात नाहीत, त्याच गुणांची सुखवस्तू घरांतली मुलं मात्र जातात, हे त्यात आकड्यांनिशी दाखवलं होतं. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला: गणितात सर्वांत वरची श्रेणी मिळाली की मुलाला प्रगत वर्ग द्यायचाच, पालकांनी मागितला नाही तरी. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत या राज्यात शिक्षणाबद्दल घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय. आपल्यापैकी किती जणांनी त्याबद्दल ऐकलं? आपण मागायला चुकत नाही, म्हणून आपल्याला त्याची गरज पडली नाही. शाळेत काउन्सेलरला कोणती मेल कधी टाकायची हे आपल्याला पाठ असतं. गोल्ड्सबरोच्या डबल शिफ्ट करणाऱ्या बाईला ते कुणी सांगितलेलं नसतं.

१०. मराठीचा मुद्दा. एपीच्या यादीत स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, लॅटिन, चिनी आणि जपानी आहेत. एकही भारतीय भाषा नाही. म्हणजे जी मुलगी आठ वर्षं रविवारच्या शाळेत जाऊन आजीशी मराठीत भांडण्याइतकी तयार झाली, तिला त्याचा जादा गुण शून्य. काही गावांत शाळा परक्या भाषेचं साधं क्रेडिट देतात, पण ते मिळालं तर ते साधंच असल्यामुळे वेटेड सरासरी आणखी खाली! आपल्यातले काही जण म्हणतात की एपी मराठीची मागणी करा. इटालियन लोकांनी केलंच की: २००९ नंतर ती परीक्षा बंद पडली होती, त्यांनी आणि त्यांच्या सरकारने पैसे उभे केले आणि दोन-तीन वर्षांत ती परत सुरू करून घेतली. हौस चांगली आहे, पण आपली मुलं आहेत किती आणि हायस्कूलमध्ये मराठी शिकवायला शिक्षक आहेत किती? त्यापेक्षा पाचाची मर्यादा सोपी. पाच विषय झाले की मूल उरलेल्या जागेत मराठी शिको, तबला शिको, गाडी दुरुस्त करायला शिको. आकड्याला धक्का लागत नाही.

११. बदल करायचा तर नववीत नव्याने येणाऱ्या बॅचपासूनच. २०१४ च्या निर्णयात ही एक गोष्ट निर्विवाद चांगली होती: जे आधीच हायस्कूलमध्ये होते त्यांना जुनाच नियम राहिला. महाराष्ट्रात अकरावीच्या प्रवेशाचे हाल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचं महत्त्व सांगायला नको. एसएससी आणि इतर बोर्डांच्या मुलांना एका मापात बसवण्यासाठी २००८ ला पर्सेंटाइल, २००९ ला ९०:१०, २०१० ला बेस्ट ऑफ फाइव्ह, आणि तिन्ही प्रकरणं हायकोर्टात. ९०:१० तर कोर्टाने रद्दच केलं. मुलं बिचारी जुलै उलटला तरी कोणत्या कॉलेजात जायचं याची वाट बघत घरी. तिथेही भांडण हेच होतं, कुणाच्या गुणांना किती वजन. फक्त तिथे ते परीक्षा झाल्यावर काढलं जायचं.

१२. ‘हुशार मुलांचा उत्साह मारताय.’ एपीच्या परीक्षेत चांगली श्रेणी मिळाली तर कॉलेजात क्रेडिट मिळतं, एखादं सेमिस्टर वाचतं, त्याचे डॉलर मोजून पाहा. या राज्यात सरकारी शाळेतल्या मुलांची एपी परीक्षेची फीसुद्धा सरकार भरतं. ज्याला विषय आवडतो त्याला आवड आहेच. एवढं सगळं असून दशांशाच्या पुढच्या आकड्याशिवाय ज्या मुलाचा उत्साह मरतो, त्याचा उत्साह कशाचा होता हे घरी बसून शांतपणे विचारायला हवं.

१३. कुठे बोलायचं? वेटेड जीपीएचा नियम काउंटीच्या बोर्डाच्या हातात नाही, त्यामुळे केरीत सह्यांची मोहीम काढून उपयोग नाही. स्टेट बोर्ड रॅलेत विल्मिंग्टन स्ट्रीटवरच्या एज्युकेशन बिल्डिंगमध्ये बसतं आणि तिथे लेखी निवेदन देता येतं. निवेदनात आपल्या मुलाचा जीपीए लिहू नका. त्याने काय काय केलं याची यादी देऊ नका. आणि फक्त आपली आडनावं असलेलं पत्र पाठवू नका. शाळेच्या ऑर्केस्ट्राचे, बँडचे आणि चित्रकलेचे शिक्षक गाठा. अकरावीपासून आपले वर्ग कसे रिकामे होत जातात हे ते दरवर्षी बघतात, आणि त्यांच्याकडे नावानिशी हजेरीपट आहेत.